तारांखालचा माळ

उच्च दाबाच्या वीजवाहिनीखाली झाड वाढू देत नाहीत. फांदी तारेच्या फार जवळ गेली, तर न टेकताही वीज तिच्यात झेपावते. त्यामुळे मनोऱ्यांखालचा पट्टा कायम मोकळा राहतो. कॅनडात टोरोंटोच्या स्कारबरो भागात असा पट्टा सलग 16 किलोमीटर आहे. तिथे वर्षानुवर्षे यंत्राने कापलेली हिरवळ होती. दिसायला नीटनेटकी, पण फुलपाखराच्या दृष्टीने उपासमारच.

2018 मध्ये तिथल्या पाणलोट-संवर्धन प्राधिकरणाने टोरोंटो शहर आणि वेस्टन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाबरोबर ‘मेडोवे’ प्रकल्प जाहीर केला. डॉन नदीच्या घळीपासून रूज राष्ट्रीय नागरी उद्यानापर्यंतच्या सुमारे 200 हेक्टरांत पायवाट, नागरिकांचे भाजीचे वाफे आणि मुख्य म्हणजे देशी गवताचा माळ, असा हा बेत. दक्षिण ओंटारियोतला उंच गवताचा मूळ माळ शेती आणि वस्तीखाली जवळजवळ संपला आहे.

माळ पेरणे हिरवळ लावण्याइतके सोपे नाही. आधी जुने गवत मारून जमीन नांगरतात, ओट पेरून तण दाबतात आणि मग देशी बी टाकतात. पहिल्या वर्षी हाती फारसे काही लागत नाही, कारण बिग ब्लूस्टेमसारखे गवत आधी मुळे खाली सोडते. पुढे ती दोन-तीन मीटर खोल जातात. फुलांचा बहर दिसायला तिसरे वर्ष उजाडते. तोवर शेजाऱ्यांना हे रान माजल्यासारखेच वाटते. म्हणून वाटेच्या कडेचा पट्टा मुद्दाम छाटून ठेवतात: गवत सोडून दिलेले नाही, राखलेले आहे, हे लोकांना कळावे लागते.

लोकांचा खरा हातभार रोपे लावण्यात. शाळेतली मुले आणि रहिवासी गुडघे टेकून मिल्कवीडची रोपे लावतात. मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातले, मोडले की तसाच पांढरा चीक. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. त्याच कुळातली एक परदेशी वेल मात्र इथे तण म्हणून पसरली आहे. मोनार्क फसून तिच्यावर अंडी घालते आणि अळ्या मरतात. ती वेल ओळखणे हे बी पेरण्याइतकेच महत्त्वाचे काम.

तारांखालचा माळ सगळ्यांनाच मानवतो असे नाही. आपल्याकडच्या जड अंगाच्या माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना तो तारांवर आदळतो. मधमाश्या, फुलपाखरे आणि लहान पक्ष्यांना मात्र तारांची फारशी अडचण होत नाही.

माळ टिकवण्याचा जुना उपाय म्हणजे वणवा. आगीने झुडपे जळतात, खोल मुळांचे गवत पुन्हा फुटते. पण दाट धुरातूनही वीज जमिनीकडे धाव घेऊ शकते, त्यामुळे तारांखाली आग लावणे जोखमीचे. तिथे कापणीवर भागवावे लागते, तीही एकदम सगळीकडे केलेली बरी नाही. वाळलेल्या पोकळ देठांत काही रानमधमाश्यांची पिल्ले हिवाळा काढत असतात.