दलवाईंशी भांडा, पण आधी त्यांच्या कथा वाचा

हमीद दलवाईंचं नाव निघालं की मोहल्ल्यातली चर्चा लगेच तलाकवर येते. कोणी म्हणतो, मजहबचा दुश्मन. मोहल्ल्याबाहेर त्याच नावाला टाळ्या पडतात: मुसलमान असावा तर असा! दोघांनाही मी एकच विचारतो. ‘लाट’ वाचलंत? ‘इंधन’? बहुतेकांनी वाचलेलं नसतं.

१९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले दलवाई आधी कथाकार होते. सात मुस्लिम महिलांचा मुंबईतला मोर्चा १९६६चा, मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७०चं. ‘लाट’मधल्या कथा त्याआधीच्या. मराठी कथेत मुसलमान बहुधा सरदार म्हणून यायचा, नाहीतर टांगेवाला म्हणून. दलवाईंनी त्याला घर दिलं, शेजार दिला, भीती आणि लबाडीही दिली. ‘इंधन’मधलं कोकणातलं गाव पेटतं, तेव्हा त्यांनी ना हिंदूंना झाकलं, ना मुसलमानांना.

त्यांचं राजकारण मला सगळंच पटत नाही. समाजाच्या मागासलेपणाचं खापर त्यांनी धर्माच्या पगड्यावर जास्त फोडलं. गरिबी आणि दंग्यांची दहशत यांना कमी तोललं. हा वाद जरूर घाला. पण १९७७ साली त्यांचं दफन न होता दहन झालं, एवढ्यावर त्यांची पुस्तकंही जाळल्यासारखी बाजूला टाकणं हा वाद नव्हे. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, आम्हाला मारायला काठी म्हणून वापरायचा हा लेखक नाही.

यात नुकसान आपलंच आहे. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. कापूस पिकवणाऱ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, लिहायलाच हवं. पण तोच कापूस गादी-रजईसाठी पिंजणारा पिंजारी? जिनिंगमधला आपला हमाल? पुसद-दिग्रसच्या बाजारात वऱ्हाडीत भाव करून घरी आपल्या हिंदीत हिशेब सांगणारी खाला? त्यांची मराठी कथा माझ्या तरी वाचनात नाही.

२०१९च्या जानेवारीत यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावर आपण तावातावाने बोललो. बरोबरच होतं ते. पण त्याच मंचावर वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेने उद्घाटक म्हणून आपल्या जगण्याची गोष्ट सांगितली. ती ऐकताना मला वाटलं, आपल्या मोहल्ल्याची गोष्ट या मंचावर कोण सांगणार?

“मराठीत आम्हाला जागा नाही” ही तक्रार खोटी नाही. पण १९९०मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्यांनी कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहिली नव्हती. तुमची मुलगी वहीत काही लिहीत असेल, तर “पहले पढाई कर” म्हणून वही मिटू नका. दलवाईंनी आपल्याला चुकीचं रंगवलं असं वाटत असेल, तर खरं चित्र तिला रंगवू द्या.