अंगणातली जुनी व्हॅन

महाड तालुक्यातल्या नाते गावाहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. एरवी या सदरात लोणच्याची बुरशी, साडीवरचे डाग आणि मुलांचे डबे असतात. या पत्रात विचारलंय ते मात्र एका मारुती व्हॅनबद्दल. १९८७ सालची गाडी, सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. २२ जुलै २०२१ ला महाडात पूर आला तेव्हा ती नेमकी दिरांच्या दारात बाजारपेठेत उभी होती. बाकापर्यंत पाणी चढलं. मग धुऊनपुसून ती पुन्हा चालू केली, दीडेक वर्ष चाललीही. पुढं सासरे गेले, आणि तेव्हापासून ती नात्याच्या घरी आंब्याखाली ताडपत्री पांघरून उभी आहे.

यजमान म्हणतात, भंगारात द्या. मुलगा म्हणतो, ही आता ‘व्हिंटेज’ आहे, रुंद टायर, नवे दिवे आणि मोठी म्युझिक सिस्टीम बसवू. सासूबाई म्हणतात, ह्यांची गाडी दारातून हलणार नाही. आणि पत्र लिहिणाऱ्या बाईंना पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि कोकमाचं आगळ महाडच्या दुकानांतून पोचवायचं असतं, सासूबाईंना गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे न्यायचं असतं. पापडांच्या कमाईतून टाकलेली त्यांची स्वतःची ठेव यंदा पुरी होते आहे, आणि सगळ्या घराचे डोळे तिच्यावर आहेत. “ताई, घालू का पैसे?” असं त्या विचारतात.

नाते हे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढं देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या गावच्या बाईनं पैसा टाकण्याआधी विचारावं, हे मला आपलं फार आवडलं!

तर बाई, मेकॅनिकला बोलावण्याआधी कपाटातलं आर. सी. बुक काढा. गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर असणार. ज्या गाडीत तुमची ठेव जाणार, ती कागदोपत्री तुमची नाही, हे आधी ध्यानात घ्या. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. खरं तर ते तीन महिन्यांत व्हायला हवं होतं. उशिराचा दंड पडेल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला लागेल, बाकीच्या वारसांची संमती लागेल. म्हणजे यजमान, दीर, नणंद आणि सासूबाई यांच्या सह्या. इथंच आपल्या घरोघरी घोडं अडतं. “आपलीच तर गाडी, कागद कशाला?” असं म्हणणारं कोणीतरी असतंच. त्यांच्याशी वाद घालू नका. चहा ठेवा आणि शांतपणे सांगा की खर्च मी करणार, तर गाडी माझ्या नावावर झाल्यावरच करणार. सह्या मिळाल्या नाहीत, तर ठेव मोडू नका. पुढचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल.

नावाबरोबर मुदतही बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे १९८७ च्या गाडीची २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ अशी हजेरी. पुरानंतरच्या गडबडीत शेवटची राहून गेली असणार, आणि दंड दर महिन्याला चढत असतो. आधी ही फी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी वाढली. वर जुन्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा. पेणच्या आर. टी. ओ. मध्ये सगळा मिळून आकडा काय होतो, ते विचारून वहीत पहिल्या ओळीला लिहा. चिरंजीवांच्या ‘व्हिंटेज’चं म्हणाल, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेलीच गाडी व्हिंटेज. तुमची २०३७ साली होईल. आणि तसा शिक्का बसलेल्या गाडीतून रोज पापड पोचवता येत नाहीत बरं का!

आता गाडी. ती ताडपत्री आजच्या आज काढा. आपल्याकडच्या पावसात ताडपत्रीखाली वाफ धरते आणि गाडी आतून भिजत राहते. पत्र्याचं छप्पर नसेल तर नुसती उघडी ठेवलेली परवडली, पण आंब्याखालून हलवा; पालापाचोळा पन्हळीत कुजतो आणि तिथंच गंज धरतो.

गंज हाच या गाडीचा खरा प्रश्न आहे. मारुती व्हॅनला ट्रकसारखी वेगळी लोखंडी चौकट नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो, म्हणून तळ कुजला की गाडीची हाडंच कुजली. त्यातून तुमच्या गाडीत पुराचं पाणी शिरलेलं. पाणी ओसरलं तरी गाळ मागं राहतो, तोही उंबऱ्यासारख्या पोकळ पट्ट्यांत, सरकत्या दाराच्या रुळाखाली आणि मागच्या चाकांच्या कमानीत, जिथं हात पोचत नाही तिथं. तो गाळ पावसाळाभर ओल धरून बसतो आणि पत्रा आतून बाहेर खातो. बाहेर रंगाला नुसता फोड दिसतो, आत बोट जाईल एवढं भोक असतं.

हे तपासायला मिस्त्री लागत नाही. फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा आणि गाडीच्या खालच्या अंगानं फिरवत जा. पत्रा शाबूत असेल तिथं ते ओढ घेतं. भोक बुजवून वर लांबी थापली असेल तिथं निसटतं. मग आतली मॅटिंग उचला. खाली कापूस किंवा पोतेरं निघालं, तर ते फेकून द्या, त्यानंच घात केलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ तळावर ठोकत जा. खणखणीत वाजलं तर बरं. भद् आवाज आला, की तिथं खडूनं फुली मारा. रात्री मुलाला आत विजेरी घेऊन बसवा आणि तुम्ही बाहेरून खाली वाकून बघा, उजेड कुठून येतो ते. (गाडीखाली मात्र शिरू नका, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच नाही.)

फुल्या किती, यावर सगळं ठरतं. दार, कमान, कडा एवढंच असेल तर काम करण्यासारखं आहे. बाकांचे, पट्ट्यांचे आणि कमानपाट्यांचे नट जिथं आवळतात तिथलाच पत्रा गेला असेल, तर माझं मत यजमानांच्या बाजूचं. पत्रेवाल्याला एकच अट घाला: कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, वरून लांबी भरायची नाही. कापलेले तुकडे तुम्हाला दाखवायचे. रंगाआधी बोलवायला सांगा आणि स्वतः जाऊन बघा, कारण रंग लागल्यावर सगळं सारखंच सुंदर दिसतं. पोकळ भागांत आतून गंजरोधक मेण किंवा तेल मारून घ्या, आणि पाणी निथळायची मूळची भोकं बुजवू देऊ नका. चासी नंबर कोरलेली जागा आधी दाखवून ठेवा. तिथं कटर लागला तर नोंदणीच अडेल.

इंजिनाचं मला फारसं भय वाटत नाही. ७९६ सी.सी.चं तीन सिलिंडरचं साधं यंत्र आहे. ही व्हॅन १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, १९८८ नंतर ‘ओम्नी’ नावानं, त्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारे हात दोन्ही सापडतात. ऑइलची पट्टी ओढून बघा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी मिसळलंय. गिअर आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइलही काढून बघायला लावा, पुरातल्या गाड्यांत ते हमखास विसरतात. आणि कोणीही उत्साहानं किल्ली फिरवण्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पडदे त्यासाठी केलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. या गाडीत इंजिन पुढच्या बाकाखालीच असतं, म्हणजे पेट्रोल गळलं तर तुमच्याच आसनाखाली. पाइप सगळे नवे, नव्या पेट्रोलला चालणारे घाला.

ब्रेकला पैसे मोजताना हात आखडू नका. चारी चाकं उघडून गाळ धुवायचा, सिलिंडरची रबरं, लायनर आणि ब्रेक ऑइल नवं. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर ती गाडी फाटकाबाहेर काढू नका, मग महाडला असो की वरंध घाटात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी दिसली तरी उभ्यानं म्हातारे झालेले टायर बदलायचेच.

यात आता मुलाचं मन कसं राखायचं? रुंद टायर नकोत. ते कमानीला घासतात आणि स्टिअरिंग जड करतात. पण दिव्यांचं त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जुन्या गाडीत दिव्यांची सगळी वीज स्विचमधून फिरून जाते, वाटेत जुन्या तारा ती खातात आणि रस्त्यावर मिणमिणता उजेड पडतो. दोन रिले आणि जाड वायर घातली की तोच बल्ब दुप्पट वाटतो. खर्च थोडा, आणि हे काम वायरमनजवळ बसून त्यानंच करवून घ्यावं. जुन्या काचेत झगझगीत एल. ई. डी. मात्र नको, समोरचा आंधळा होतो. पट्टे पुढंमागं सगळ्यांना नवे. एक छोटं आग विझवायचं नळकांडं. गाणी सगळ्यांत शेवटी, पैसे उरले तर.

आणि एक गोष्ट निक्षून. या व्हॅनमध्ये स्वयंपाकघरातला सिलिंडर ठेवून गॅसवर चालवायची युक्ती कोणीतरी सुचवीलच. तो सिलिंडर ओट्याखाली स्थिर उभा राहण्यासाठी आहे, खड्ड्यांतून आदळत जाण्यासाठी नाही. बेकायदा आहेच, शिवाय सरकत्या दाराच्या बंद डब्यात गॅस खाली साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. पापडाच्या पिशव्यांवर तुमची लेकरं बसणार आहेत. गॅसच हवा असेल तर मान्यताप्राप्त किट आणि गाडीची टाकी, आर. सी. वर नोंद करून.

पैशाचं असं करा. वहीत कागद, पत्रा, ब्रेक-टायर आणि बाकीचं, असे चार आकडे मांडा. दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्या. पहिल्या तिघांची बेरीज चालत्या स्थितीतल्या तशाच जुन्या व्हॅनच्या किमतीपुढं गेली, तर थांबा. मग सासूबाईंना स्टिअरिंग काढून द्या, हवं तर देवघराशेजारी टांगू देत. गाडी भंगारवाल्याला नुसती ओढून नेऊ देऊ नका. ती सरकारमान्य भंगार केंद्रात द्या, दाखला घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर पुढं तिचा नंबर कुठं वापरला गेला, तर पोलिस तुमच्या दारात. ठेव मोडायची झालीच तर पत्रेवाल्याला तीन हप्त्यांत द्या, शेवटचा पावसात एकदा गाडी उभी करून आत पाणी येत नाही हे पाहिल्यावर.

फुल्या मोजून झाल्या की आकडा मला कळवा. आणि हो, सरकत्या दाराशी सासूबाईंसाठी एक जादा पायरी आणि धरायला दांडी बसवून घ्या. उंची ठरवताना त्यांनाच उभं करून पाय टाकायला लावा, मिस्त्रीच्या गुडघ्याच्या मापानं नको.