स्टेशन डायरीतली नोंद

बाल न्याय अधिनियम, 2015 लागू झाला तो 15 जानेवारी 2016 रोजी. त्याला दहा वर्षे झाली. कायदा गावोगाव पोचला तो मात्र पुण्याच्या कल्याणीनगरातून. 19 मे 2024 च्या पहाटे पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. तेव्हापासून पारावरच्या गप्पांत हा 'निबंधाचा कायदा'. लोकांचा संताप रास्तच होता. पण हा कायदा मुळात ज्याच्यासाठी आहे, तो पोरगा त्या संतापात दिसेनासा झाला.

तो पोरगा आसेगावसारख्या एखाद्या गावच्या पोलीस ठाण्यात उभा असेल. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली, तांबं भंगारात विकलं, एवढीच त्याची करामत. वय पंधरा. नियम सांगतात, त्याला बेडी घालायची नाही, कोठडीत टाकायचे नाही, समोरचा पोलीस वर्दीत नको. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत सज्ञान आरोपी नसेल, तर एफआयआरसुद्धा नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बालन्याय मंडळाकडे धाडायचा. शाळा कधी सुटली, का सुटली, घरी कमावते कोण, कुण्या मोठ्या माणसाने त्याला पुढे केले का, हे सारे त्या अहवालात विचारलेले असते. (तांबं विकत घेणारा तर मोठा माणूसच असतो. त्याच्या दारात कोण जातो?) हा कागद मन लावून भरणे म्हणजे निम्मे पुनर्वसन. उरकून टाकला, तर पुढे मंडळाने तरी कशाच्या आधारे ठरवायचे?

याला लाड म्हणणाऱ्यांनी मागे वळून पाहावे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह 1857 सालचे, मुंबई बाल अधिनियम 1924 चा. पोराला तुरुंगात घातले तर तो तिथली विद्या शिकून येतो, हे आपल्याकडे फार आधी कळले होते.

कायदा आणखी पुढे जातो. काही अतिगंभीर प्रकरणे सोडली तर मुदतीनंतर दोषसिद्धीची नोंदच नष्ट करायची, नोकरीच्या आड ती येता कामा नये. गाव मात्र काही पुसत नाही. पोरगा पुढे पोलीस भरतीला पळायला लागला, तरी 'केबलवाला' हे नाव त्याच्या मागे पळतच असते.

आणि आता तर मोबाईल आहे. अशा मुलाचा फोटो तुमच्या गावच्या ग्रुपवर आला, तर पुढे ढकलण्याआधी थांबा. त्याची ओळख उघड करणे हा कलम 74 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.