चार दिवस उन्हात कोण उभारणार?

संध्याकाळी कॅम्पातून एक फेरफटका मारायचा आणि युनियन जिमखान्याच्या मैदानाशी क्षणभर थांबायचं, ही माझी जुनी सवय. परवा तिथं आमच्या कॉलेजचा एक विद्यार्थी भेटला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डावखुरा सलामीवीर, बचाव बघत राहावा असा.

"सर, लेदर बॉल सोडायचं म्हणतोय."

"का रे?"

"टेनिस बॉलला आठ ओव्हर खेळून रात्री बक्षीस घेऊन घरी येतोय की. चार दिवस उन्हात कोण उभारणार?"

उपदेश अगदी ओठावर आला होता. पण आम्ही पडलो वाणिज्य शिकवणारे. हिशेब बरोबर असताना गुण कसे कापायचे?

घरी येऊन मीही कागद घेतला. रणजीत नवख्या खेळाडूला 2021 च्या वाढीनंतर दिवसाला 40 हजार रुपये ठरले. चार दिवसांचे 1 लाख 60 हजार. साखळीतले सातही सामने खेळला तर 11 लाख 20 हजार. उलट 2025 च्या आयपीएलसाठी झालेल्या लिलावात बोलीच 30 लाखांपासून सुरू होत होती. दोन महिने बाकावर बसून राहिला तरी तेवढे मिळणार.

पोरांचं राहू द्या, मंडळांचं गणितही हेच आहे. 2023 ते 2028 या काळात भारतात होणाऱ्या 88 आंतरराष्ट्रीय सामन्यांचे प्रक्षेपण हक्क 5,963 कोटींना गेले. सामन्यामागे सरासरी 67 कोटींच्या वर. आता कसोटी पाच दिवसांची आणि ट्वेंटी-20 एका संध्याकाळची, पण सरासरीच्या खात्यात दोन्ही एकेकच सामना! आयपीएलच्या 2023 ते 2027 च्या हक्कांना 48,390 कोटी आले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ 118 कोटी. दुकानदाराला विचारा, फळीवर कुठला माल पुढं मांडशील?

गरीब मंडळाला तर निवडीचीही सोय नाही. 2024 च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडला कसोटीसाठी जवळजवळ दुसरा संघच पाठवला. कर्णधारसुद्धा आयुष्यातली पहिली कसोटी खेळत होता. मुख्य खेळाडू घरच्या ट्वेंटी-20 लीगला बांधलेले, कारण मंडळाची चूल त्या लीगवर पेटायची होती. मालिका 2-0 अशी गेली. त्याच देशानं 2025 मध्ये लॉर्ड्सवर कसोटीचं जगज्जेतेपद मिळवलं, हे नवलच म्हणायचं.

आपलं मंडळ श्रीमंत, म्हणून 2024 मध्ये त्यानं कसोटी खेळणाऱ्यांना सामन्याच्या 15 लाखांवर 45 लाखांपर्यंत जादा द्यायचं ठरवलं. म्हणजे आखूड खेळाच्या पैशावर लांब खेळ पोसता येतो. मात्र हे पैसे शिडीच्या शेवटच्या पायरीवर ठेवलेत. आमचा डावखुरा उभा आहे पहिल्या पायरीवर.

आणि मधल्या पायऱ्यांवर काय होतं, ते आपल्या बेळगावनंच पाहिलंय. 2019 च्या मे महिन्यात ऑटोनगरच्या मैदानावर भारत 'अ' आणि श्रीलंका 'अ' यांचा चार दिवसांचा सामना झाला. अभिमन्यू ईश्वरननं 233 धावा काढल्या. पंधरा दिवसांच्या आत त्याच मैदानावर, त्याच श्रीलंका 'अ' विरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात पुण्याच्या ऋतुराज गायकवाडनं नाबाद 187 ठोकल्या. ऋतुराज पुढं चेन्नईचा कर्णधार झाला, 2025 च्या हंगामासाठी 18 कोटींना संघात राखला गेला. त्याच्या गुणांबद्दल कुणाला शंका नाही, मलाही नाही. पण ईश्वरन? 2025 च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत तो भारतीय संघाबरोबर हिंडला, कसोटीची टोपी काही डोक्यावर चढली नाही. आयपीएलच्या फ्रँचायझींना तर तो दिसलाच नाही.

ही जोडी मी त्या मुलाला सांगितली. माझा बेत होता की 233 ऐकून त्याचे डोळे चमकतील. त्यानं शांतपणे विचारलं, "18 कोटी कुणाला म्हणालात सर?"

रविवारी सकाळी नेटवर ये, एवढं मी म्हणून ठेवलंय. शनिवारी रात्री त्याची फायनल आहे, किती वाजता संपेल कोण जाणे.