या वयात कशाला?

२०२३ सालच्या जून महिन्यात मी आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी प्रवेश-अर्ज घेऊन उभी होते. खिडकीतल्या कारकुनांनी अर्ज हाती घेतला, मान वर केली आणि विचारले, ‘‘मुलगी कुठे आहे? तिची सही लागेल.’’ मी म्हणाले, ‘‘सही झाली आहे. अर्ज माझाच आहे.’’ त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा अर्ज वाचला. बारावी १९९२ ची, प्रवेश २०२३ चा. मधल्या ३१ वर्षांच्या खंडाबद्दल प्रतिज्ञापत्र लागते आणि त्यात खंडाचे कारण द्यावे लागते. मी कारण लिहिले होते, ‘संसार’. ते म्हणाले, ‘‘बाई, असं चालत नाही. घरगुती अडचणीमुळे, असं लिहा.’’ मी तसे लिहून दिले. पण संसार ही माझी अडचण होती असे मला तेव्हाही वाटत नव्हते, आजही वाटत नाही.

त्या दिवसापासून एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. शेजारणींनी विचारला, नातेवाइकांनी विचारला, वर्गातल्या मुलींनी डबा खाताना विचारला, आणि एका प्राध्यापकांनी अगदी आदराने विचारला: ‘‘या वयात कशाला?’’ आता मी तृतीय वर्षात आहे. पुढच्या अंकाच्या वेळी मी इथे नसेन. तेव्हा उत्तर द्यायचे ते आताच दिले पाहिजे.

उत्तराची सुरुवात अमेरिकेत होते, हे मला सांगायला थोडे अवघड वाटते. परदेशी जाऊन आलेल्या माणसाचे बोलणे कसे असते ते आपण सारेच जाणतो. तिकडचे रस्ते, तिकडची स्वच्छता आणि तिकडची शिस्त! तसले काही मी सांगणार नाही. मी तिकडे हिंडायला गेलेच नव्हते. मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते.

२०२२ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसन गावी मी पोहोचले तेव्हा सामानात डिंकाचे लाडू होते, अळीव होते, शेपा-ओवा होता, जुन्या मऊ धोतरांची दुपटी होती. माझे वय ४८. विमानात बसण्याची ती पहिलीच वेळ. तिथे गेल्यावर मी जे इथे करत होते तेच करू लागले. सकाळी उठून चहा, मग बाळाची आंघोळ, मुलीची मालिश, स्वयंपाक, भांडी. सव्वा महिना हा असा गेला की मी अमेरिकेत आहे की चिपळुणात, याचा मला पत्ता नव्हता.

सव्वा महिन्यानंतर मुलगी म्हणाली, ‘‘आई, बाळाला गाडीत घालून जरा बाहेर फिरवून आण.’’ मी निघाले. आपल्याकडे घराबाहेर दहा पावले टाकली की कुणीतरी विचारते, ‘‘काय वहिनी, कुठं निघालात?’’ आणि आपण उत्तर देतो. तिथे मी अर्धा तास चालले तरी कुणी काही विचारले नाही. लोक नुसते हसून पुढे जात. पहिल्या दिवशी मला रडू आले. वाटले, इथे मी मेले तरी कुणाला कळणार नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र मी मुद्दाम लांबचा रस्ता धरला. कुणाचीही वहिनी, काकू, सूनबाई नसताना आपली पावले कशी पडतात, हे मी वयाच्या ४८ व्या वर्षी प्रथमच ऐकत होते.

त्या रस्त्यावर एक सार्वजनिक वाचनालय होते. मुलीनेच चौकशी केली. तिथे आठवड्यातून एकदा परदेशी लोकांना इंग्रजी संभाषण शिकवण्याचा फुकट वर्ग भरत असे. मी जाऊ लागले. गोल मांडलेल्या खुर्च्या, आठ-दहा माणसे. एक चिनी आजी, एक पेरू देशातली बाई, इजिप्तमधले एक नवरा-बायको, आणि मी. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका, केस पांढरेशुभ्र. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, ‘‘प्रत्येकाने स्वतःविषयी तीन वाक्ये सांगा. अट एकच. नवरा, बायको, मुले, नातवंडे यांचे नाव घ्यायचे नाही.’’

माझी पाळी आली. मी माझे नाव सांगितले. मी भारतातून आले, असे सांगितले. तिसरे वाक्य काही येईना. इंग्रजी अडले असे सर्वांना वाटले असेल. पण मनात मराठीतसुद्धा वाक्य नव्हते. माझ्या शेजारच्या चिनी आजी मात्र ताठ बसून म्हणाल्या, ‘‘मला पोहता येते.’’ एवढेच. पण त्या वाक्यात त्या बाई संपूर्ण होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिसरे वाक्य मी शोधत राहिले, आणि पहाटे ते सापडले. बारावीला मराठीत मी वर्गात पहिली आले होते. बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता आणि म्हणाल्या होत्या, ‘‘तू पुढे शीक.’’ पुढल्या आठवड्यात मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. घरी येऊन मुलीलाही सांगितले. ती बाळाला थोपटत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, ‘‘आई, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.’’ खरे होते. मी ते मलाही सांगितले नव्हते.

देशाटनाने माणूस शहाणा होतो असे आपल्याकडे शाळेपासून शिकवतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मला तिथे नवे शहाणपण मिळाले नाही. जे माझे होते आणि कुठे ठेवले ते विसरले होते, ते मिळाले. मिळाले ते अमेरिका थोर म्हणून मिळाले असेही नाही. मुलाकडे आलेले आपलेच कितीतरी आई-वडील तिथे दिवसभर बंद घरात खिडकीशी बसलेले मी पाहिले. गाडी चालवता येत नाही, भाषा येत नाही, मुले सकाळी गेली की संध्याकाळी येणार. त्यांना परदेश म्हणजे उंची तुरुंग वाटे. तेव्हा परदेशाचा महिमा मी गाणार नाही. कुणी आपल्याला नात्याच्या नावाने हाक मारत नाही अशी एक जागा मला तिथे मिळाली, आणि तिथे कुणीतरी तिसरे वाक्य विचारले. महत्त्व या दोन गोष्टींचे आहे.

हे मला नीट उमगले ते मात्र इथे, आपल्या ग्रंथालयात. द्वितीय वर्षाला आत्मचरित्रावर प्रकल्प होता. ग्रंथपालांनी एक पुस्तक पुढे केले: पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’. हे आत्मचरित्र १९२८ चे. दोन वर्षांनी, १९३० मध्ये, जस्टिन अॅबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पार्वतीबाई देवरूखच्या. माझे माहेर देवरूखजवळ. शाळेत असताना मी त्या गावातून शेकडो वेळा एस.टी.ने गेले. हे नाव मला कुणी सांगितले नव्हते.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात लहान मुलगा. तेव्हाच्या रीतीप्रमाणे केशवपन झाले. थोरली बहीणही विधवा. पुण्याला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. बहिणीमागोमाग पार्वतीबाई पुण्यास आल्या आणि पंचविशीच्या सुमारास लिहावाचायला लागल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. या आश्रमासाठी पार्वतीबाईंनी गावोगाव फिरून, व्याख्याने देऊन वर्गणी जमवली. घरच्या मंगलकार्यात जिने समोर येऊ नये असा दंडक होता, ती बाई चारचौघांत उभी राहून बोलू लागली. पुढे मोठ्या वयात त्यांनी केस राखायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी नावे ठेवली, तेही सोसले.

एवढे केल्यावर कुणीही म्हटले असते, आता पुरे. पण पार्वतीबाईंना इंग्रजी येत नव्हते. इथे राहून शिकण्याचे प्रयत्न झाले. आश्रमाच्या कामापुढे ते तडीस जाईनात. १९१८ साली, महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या. भाषा शिकावी, तिथल्या संस्था पाहाव्यात, आश्रमासाठी निधी मिळवावा, हा हेतू. वय ४८ च्या घरात. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले.

आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई यांची परदेशगमने आपण अभ्यासतो. दोघी १८८३ साली समुद्रापार गेल्या. आनंदीबाई १८ वर्षांच्या, रमाबाई २५ वर्षांच्या. त्यांचे मोठेपण सांगायला मी नको. पण तरुणपणी निघणाऱ्याला आपण निदान समजून तरी घेतो. पन्नाशी गाठत आलेली विधवा, भाषा येत नाही, पैसा नाही, आणि ती निघते, तिला लोक काय म्हणाले असतील? दुसरे काय म्हणणार? या वयात कशाला?

अमेरिकेत पार्वतीबाईंनी लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले आणि त्यातून पोट भरत भाषा शिकल्या. हिंगण्याच्या आश्रमात ज्यांच्या शब्दाला मान, त्या तिथे परक्यांची भांडी घासत होत्या. १९२० साली त्या परतल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या.

मला हे फार महत्त्वाचे वाटते. त्या पळून गेल्या नाहीत, आणि तिथे जाऊन त्यांनी राणीसारखा विसावाही घेतला नाही. केले ते कामच. जे देवरूखला केले असते तेच, केरवारे आणि भांडी. पण तिथे त्या कामाला मोल होते आणि करणारीच्या कपाळाकडे कुणी पाहत नव्हते. अपशकुनी विधवा आणि आदरणीय पार्वतीबाई, या दोन्ही ओळखी बंदरावर राहिल्या. मधे जी उरली ती कोण, हे त्यांना तिथे पाहता आले असेल, असे मला वाटते. हा तर्क माझा आहे. पण माझ्या पाच महिन्यांच्या अनुभवावरून मी तो करते. त्यांची सगळीच मते आज आपल्याला पटणार नाहीत. स्त्रीचे खरे क्षेत्र घर, याकडे त्यांचा कल होता. तेही मला बरेच वाटले. स्वतःला शोधायला निघालेली बाई बंडखोरच असली पाहिजे, असा काही नियम नाही.

आता आक्षेपांकडे वळते. वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘‘काकू, परदेशी जायला पैसा लागतो. गरीब बायकांनी स्वतःला कुठे शोधायचं?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. हल्ली बायकांच्या खास परदेशी सहली निघतात. साडी सोडून पँट घातलेल्या पन्नाशीच्या बायकांची छायाचित्रे पाहून आपण हसतो. मी आता हसत नाही. आठ दिवस कुणाच्या औषधाची वेळ लक्षात ठेवायची नाही, हेसुद्धा तिला जन्मात प्रथमच मिळत असेल. पण आठव्या दिवशी घरी येऊन ती पुन्हा जिथल्या तिथे बसली तर ती हौस झाली, शोध नव्हे. शोधाची कसोटी परतल्यावर लागते. आणि कसोटी इथेच असेल, तर सुरुवातही इथे का होऊ नये? ज्या बाकावर मी बसते ते माझे दुसरे परदेश आहे, आणि त्याचे तिकीट मुंबईच्या तिकिटाहून फारसे महाग नाही. आमच्या आळीत निदान चारजणी अशा आहेत की ज्या उद्या येऊन बसतील. त्यांना फक्त खिडकीतून ‘‘मुलगी कुठे आहे?’’ असे कुणी विचारू नये.

दुसरा आक्षेप घरातला आहे, आणि तो जड आहे. यात स्वार्थ नाही का? मी प्रवेश घेतला तेव्हा आमच्या घरचे मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतः जाऊन वह्या आणल्या. तो प्रश्न तसा सुटला. पण गेल्या दिवाळीत मुलीचा फोन आला. दुसऱ्यांदा दिवस आहेत, मार्च अखेरची तारीख आहे. ‘‘आई, तू येशील ना?’’ माझी शेवटची परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपते.

मी दोन दिवस काही बोलले नाही. मग सांगितले, ‘‘परीक्षा झाली की येते.’’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. ज्या मुलीने मला त्या वाचनालयाची वाट दाखवली तिलाच मी थांबायला सांगत होते. तीन दिवसांनी तिचा फोन आला. जावईबापू रजा काढणार आहेत; अळिवाचे लाडू कसे करायचे ते तिने लिहून घेतले. शेवटी म्हणाली, ‘‘पेपर चांगले लिही.’’ तिच्या आवाजात राग नव्हता, पण थोडे दुःख होते, आणि ते मी ऐकले. मी चुकले का? कदाचित पहिल्या सव्वा महिन्यात तिला कुठल्या रात्री माझी फार गरज लागेल आणि मी इथे समीक्षेची टिपणे पाठ करत असेन. ते ओझे माझे आहे, ते मी नाकारत नाही. स्वतःला शोधणे फुकट होते असे जो सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका.

तरीही माझा निर्णय मला बरोबर वाटतो. मी नाही गेले तर बाळंतपण होणार आहे. दुसरे कुणी ते करील. माझी परीक्षा माझ्याखेरीज दुसरे कुणी देऊ शकत नाही. तीस वर्षांत असे एकही काम माझ्या वाट्याला आले नव्हते.

मैत्रिणींनो, आणि मुलांनो तुम्हीसुद्धा, घरी गेल्यावर आपल्या आईला एकदा तिसरे वाक्य विचारा. तुमचे, बाबांचे नाव न घेता. तिला लगेच येणार नाही. थांबा. एखादी रात्र जाऊ द्या. आणि सकाळी ती काही बोलली, तर एवढी कृपा करा: या वयात कशाला, असे म्हणू नका.

(तृतीय वर्ष, कला)