कान मुलाचा, परीक्षा बापाच्या खिशाची!

जन्मतः बहिऱ्या मुलाला ऐकू यावे म्हणून कॉक्लियर इम्प्लांट नावाचे यंत्र शस्त्रक्रियेने कानात बसवले जाते. १९७८ साली मेलबर्नच्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी असे यंत्र एका रुग्णाला बसवले आणि पुढे हजारो मुक्या घरांत बोल फुटले. परंतु हे यंत्र कोणाला द्यायचे, हे ठरताना मुलावर एक शिक्का बसतो, ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’. हा शिक्का नेमका कशावर बसतो, हे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कष्टकरी वस्त्यांनी विचारलेच पाहिजे.

काही कसोट्या वैद्यकीय आहेत आणि त्या असायलाच हव्यात. दोन्ही कानांचा बहिरेपणा तीव्र आहे काय, बेरा तपासणी काय सांगते, काही महिने श्रवणयंत्र लावूनही फायदा होत नाही काय, स्कॅनमध्ये शंखाकृती आंतरकर्ण आणि श्रवणाची नस दिसते काय? नसच नसेल तर हे यंत्र काय कामाचे? येथे डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

पण यादी येथे संपत नाही. आई मुलाला थेरपीला नियमित आणील काय, घरी रोज सराव घेईल काय, बॅटरी आणि वायरचा खर्च झेपेल काय, हेही पाहिले जाते. या प्रश्नांमागची काळजी खोटी नाही. शस्त्रक्रियेनंतर मुलाला लगेच भाषा येत नाही, त्याला नुसता आवाज येतो. त्या आवाजाचा शब्द व्हायला एक-दोन वर्षांची थेरपी आणि यंत्राचे वारंवार मॅपिंग लागते. ते झाले नाही तर लाखोंचे यंत्र ट्रंकेत पडून राहते.

काळजी खरी, पण तिच्यावर काढलेला तोडगा अन्यायाचा आहे! दिवा-मुंब्र्याच्या चाळीतली, धुणीभांडी करणारी आई आठवड्यातून दोनदा मूल कडेवर घेऊन गर्दीची लोकल पकडणार, दादरला गाडी बदलून वांद्रे गाठणार, आणि प्रत्येक फेरीला तिच्या कामावर खाडा पडणार. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाची रोजी त्याच दिवशी बुडणार. त्यांनी चार फेऱ्या चुकवल्या की कागदावर ‘पालकांचे सहकार्य नाही’ असे लिहिणे किती सोपे! गैरहजर आईबाप नाहीत, थेरपी केंद्र गैरहजर आहे.

पैशाची सोय अजिबात नाही असेही नाही. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून गरीब घरच्या मुलांसाठी या यंत्राला प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत मदत मंजूर झाली आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिची नोडल संस्था ठरली. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या यादीतही २ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी ही शस्त्रक्रिया आहे. मात्र एडिपमध्ये जन्मतः बहिऱ्या मुलाला ५ वर्षांची मर्यादा आहे, कारण भाषा शिकण्याचे मेंदूचे वय निघून जाते. आणि आमच्याकडे ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ म्हणत तीन वर्षे जातात, कागदपत्रांत चौथे जाते. जन्मजात बहिरेपणा २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत आहे. मग बहिरेपणा बालवाडीच्या दारात का उघडकीस येतो?

‘लायकी’ हा शब्द या समाजाला नवा नाही. आधी संधी नाकारायची आणि मग संधी न मिळाल्याच्या खुणा दाखवून अपात्र ठरवायचे, ही जुनी रीत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ चालवता येणार नाही. योजना सर्वांना खुली आणि थेरपी परवडेल त्यालाच, हे त्याच विसंगतीचे लहान रूप आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या प्रसूतिगृहांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची श्रवणतपासणी घरी जाण्यापूर्वीच व्हावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर येथे थेरपी आणि मॅपिंगची सोय व्हावी, तीही संध्याकाळी आणि रविवारी. दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीतून प्रवासखर्च, बुडालेली रोजी, बॅटरी आणि दुरुस्ती भागवावी. नकार द्यायचाच तर कारण लेखी, मराठीत द्यावे, आणि ‘गरिबी’ हे कारण कोणत्याही नावाने त्यात नसावे.

ज्यांच्या कानाला हे यंत्र खरोखरच चालणार नाही, त्यांनाही वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्यांना आणि त्यांच्या आईबापांना भारतीय सांकेतिक भाषा लहान वयातच शिकवली पाहिजे. ती भाषा म्हणजे पराभव नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला शिक्षणात जागा दिली आहे.

मुलाचा कान डॉक्टरांनी जरूर तपासावा. बापाचा खिसा तपासण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?