स्वयंपाकघरातलं बेट

सध्या नव्या फ्लॅटची जी रंगीत पत्रकं हातात पडतात, त्यांत स्वयंपाकघराच्या मधोमध एक भलंमोठं दगडी टेबल दाखवलेलं असतं. त्याला म्हणायचं ‘किचन आयलंड’. वर काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं, बाजूला दोन उंच स्टुलं, आणि माणूस एकही नाही. मिसळणाचा डबा नाही, कुकर नाही, तेलाचा थेंब नाही. तिथे कधी कुणी फोडणी दिली असेल असं वाटतच नाही. तरीही मंडळी, आज मी ह्या आयलंडची बाजू घेणार आहे. पत्रकातल्या नव्हे हो, पाच हजारांतल्या!

आधी शब्दाबद्दल दोन ओळी, मास्तरकीची खोड आहे, जायची नाही. आपण बेट म्हणतो ते पाण्याने वेढलेल्या जमिनीलाही आणि बांबूच्या दाट जुडग्यालाही. संस्कृतातला द्वीप हा ‘द्वि’ आणि ‘अप्’ मिळून झालेला शब्द. अप् म्हणजे पाणी. ज्याच्या दोन्ही अंगांना पाणी ते द्वीप. आता आपला ओटा बघा. त्याला एकच अंग. दुसरं अंग भिंतीला चिकटलेलं. मला बोलायचंय ते ह्याच फरकाबद्दल.

माझ्या लहानपणी स्वयंपाकघरात उभं राहून करायचं असं फारसं काही नसायचंच. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. आजी चुलीशी, आई विळीवर, काकू परातीत कणीक तिंबत, आणि आम्ही पोरं शेंगा सोलत. सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. धुराने आजीचे डोळे कायम लाल असायचे आणि चाळिशीतच बायकांना उठताना हाताचा आधार लागायचा. गॅस आला, ओटा आला, बायका उभ्या राहिल्या, ते उत्तमच झालं. पण उभं राहिल्यावर त्यांचं तोंड भिंतीकडे झालं, ह्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

भिंतीकडेच का? तर नळ भिंतीत, सांडपाण्याचा पाइप भिंतीत, खिडकी भिंतीत आणि खोली एवढीशी. कारणं खरी आहेत. युरोपातही असंच झालं. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की ह्या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. तशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. प्रत्येक वस्तू हाताशी, पावलं मोजून वाचवलेली. त्यांनी खिडकीपाशी बसून काम करायला फिरतं स्टूलही दिलं होतं. ते मला फार आवडलं. आपल्याकडे ओटा आला, पण ते स्टूल काही आलं नाही. शिवाय त्या स्वयंपाकघरात एकच बाई मावायची. दुसरं कुणी मदतीला आलं तर अडगळच व्हायची.

अमेरिकेत त्याच सुमाराला लिलियन गिलब्रेथ नावाच्या बाई कारखान्यांतल्या कामाचा अभ्यास करत होत्या. बारा मुलांची आई! कामगाराच्या हालचाली मोजतात तशाच त्यांनी घरातल्या बाईच्याही मोजल्या आणि सांगितलं, की ओट्याची उंची बाईच्या उंचीवरून ठरवा. शंभर वर्षं होत आली. आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस फ्लॅट आहेत आणि चोवीस ओटे एकाच उंचीचे. बायका मात्र पावणेपाच फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत. शाळेत पहिलीच्या आणि दहावीच्या मुलांना एकाच मापाचे बाक कुणी देत नाही.

आता आमच्या घरचं. नातेवाइकांना माहीत आहे, इतरांना सांगते. गेली तीन वर्षं ह्यांची स्मृती हळूहळू कमी होत चालली आहे. माणसं ओळखतात, जुनं सगळं आठवतं, पण आत्ता काय करत होतो ते निसटतं. एकटं बसवलं की अस्वस्थ होतात, उठून दार उघडून जिना उतरायला लागतात. हॉलमध्ये टीव्ही लावून बसवलं तरी दर पाच मिनिटांनी पोळी तव्यावर टाकून मी बघायला धावायची. माझा एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. ओट्याशी उभं राहिलं की पाठ त्यांच्याकडे. थोडक्यात, पोळी बघू की माणूस, असा प्रश्न होता.

मुलगा म्हणाला, “आई, स्वयंपाकघर नवीन करून टाकू.” एका कंपनीचा माणूस येऊन मापं घेऊन गेला आणि साडेतीन लाखांचा आकडा देऊन गेला. त्यात सरकणारे ड्रॉवर होते, आपोआप मिटणारी दारं होती, चिमणी होती. ह्यांना कुठे बसवायचं ते मात्र त्यात कुठेच नव्हतं. मी त्याला तसं विचारलं, तर म्हणाला, “आजी, आयलंडला बार स्टूल देतो ना!” अहो, ती स्टुलं दोन फुटांच्या वर उंच. अमेरिकेतल्या ओट्याची सर्वसाधारण उंची छत्तीस इंच, त्याला जुळणारी. शहात्तर वर्षांच्या माणसाला त्यावर चढवायचं आणि पाय लोंबकळत ठेवायचे?

म्हणून मग ठरवलं, की आपलं टेबल आपणच करायचं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून इतक्या वस्तू करून घेतल्या आहेत, तर एक आपल्या घरासाठी. सासरच्या गावचं घर उतरवलं तेव्हाचं सागवानी दार, चौकटीसकट, दिराच्या गोठ्यात पडून होतं. ते टेंपोतून मागवलं. ज्यांच्याकडे असं दार नसेल त्यांनी जुन्या इमारती पाडतात तिथलं लाकूड विकणाऱ्यांकडे जावं. नव्या सागापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं आणि वर्षानुवर्षं वाळलेलं असल्यामुळे वाकत नाही. फक्त खिळे काढून घ्या, नाहीतर सुताराच्या करवतीचं पातं जाईल आणि तो तुमच्यावर चिडेल.

माप महत्त्वाचं. आमचं स्वयंपाकघर दहा फूट बाय अकरा. अकरा फुटांच्या भिंतीला दोन फुटी ओटा. उरले आठ फूट. दोन फूट रुंदीचं टेबल ठेवलं की दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट राहतात. ह्याहून कमी जागा असेल तर मधोमध टेबल ठेवू नये, भिंतीला टेकवून ठेवावं आणि लागेल तेव्हा ओढावं. आमचा फ्रिज पूर्वीपासून हॉलमध्ये आहे म्हणून हे जमलं. टेबलाची लांबी चार फूट. सुतार उंचीला चौतीस इंच म्हणत होता, “ओट्याबरोबर दिसेल.” मी म्हटलं, दिसायला नको, बसायला हवंय. खुर्ची अठरा इंच, टेबल तीस इंच. बसून भाजी चिरता येते, गुडघे खाली जातात. आणि गंमत अशी, की कणीक मळायलाही हीच उंची बरी. मळताना अंगाचा भार वरून द्यावा लागतो, म्हणून कोपरापेक्षा सहा-आठ इंच खाली परात हवी. ओट्यावर कणीक मळून बुटक्या बायकांचे खांदे का दुखतात, ह्याचं उत्तर त्यात आहे. चिरण्यासाठी उभंच राहायचं असेल तर कोपराखाली चार ते सहा इंच. स्वतःचं कोपर भिंतीशी उभं राहून मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

वरचा दगड संगमरवरवाल्याकडच्या उरलेल्या तुकड्यांतून घेतला, काळा ग्रॅनाइट. कडप्पा स्वस्त मिळतो, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, कोकम, चिंच सांडली की पांढुरके डाग धरतो. आमच्याकडे आमटीत रोज काहीतरी आंबट असतंच! दगडाचे चारही कोपरे गोल घासून घेतले, आणि कडाही. म्हाताऱ्या माणसाचा हात टोकाला लागला तर कातडी लगेच निघते.

सगळ्यांनी आग्रह केला तो चाकांचा. “चाकं लाव, हवं तिथे ढकलता येईल.” गिलब्रेथ बाईंनीही चाकांचं टेबल सुचवलं होतं. पण ते धडधाकट माणसांसाठी. आमच्यासारखी माणसं उठताना समोर जे असेल त्यावर भार देतात. ब्रेकचं चाक असलं तरी तो लावायची आठवण कुणी ठेवायची? चाकं नकोत. पायांना रबरी बूच, आणि दगडाचंच वजन पस्तीस-चाळीस किलो. हलत नाही. आणि आयलंडवर शेगडी दाखवतात, ती तर मुळीच नको. गॅसची नळी जमिनीवरून पायांत आणायची म्हणजे संकट विकत घेणं.

सुतार दोन दिवस आला. घासकाम मी आणि नातवाने केलं, आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक. उंबरठा तेवढा वेगळा ठेवला होता. सुताराने तो खाली पाय टेकायला लावायचं ठरवलं होतं. सासूबाईंनी उंबरठ्यावर पाय देऊ दिला नाही कधी, आता मी तो पायाखाली घेऊ? तो खालच्या फळीची पुढची पट्टी झाला. नातू म्हणाला, “आजी, लाकूडच ते.” असेल.

खर्च सांगते, कारण सगळ्यांना तोच ऐकायचा असतो. दगड १५०० रुपये, सुताराची मजुरी दोन दिवसांची २४००, फेव्हिकॉल, स्क्रू, पेपर आणि पॉलिश ९००, टेंपो ३००, रबरी बूच ८०. एकूण ५१८०. दार घरचं होतं, ते नसतं तर आणखी काही हजार लागले असते हे कबूल.

आता हे टेबलाच्या पलीकडे बसतात, मी अलीकडे. वाटाणे सोलतात, लसूण सोलतात, मेथी निवडतात. कधी सोललेले वाटाणे पुन्हा टरफलांत टाकतात. टाकू देत. बोटांना काम असलं की जिन्याकडे जात नाहीत. तव्यापाशी मला अजून पाठ करावीच लागते, पण ताट-वाट्या लावणं, पोळ्यांना तूप लावणं, हे समोरासमोर होतं. परवा लसूण सोलता सोलता त्यांनी त्यांच्या आईच्या हातच्या पिठल्याची कृती अथपासून इतिपर्यंत सांगितली. पंचेचाळीस वर्षांत मला सांगितली नव्हती!

कुणी म्हणेल, त्यासाठी डायनिंग टेबल असतंच की. असतं, पण ते हॉलमध्ये, आणि तिथे माणूस तयार जेवणाची वाट बघत बसतो. मला वाट बघणारा माणूस नको होता, कामात असलेला हवा होता. आणि हे काही आजाऱ्यांपुरतंच नाही. आमच्या सूनबाईंच्या घरी मुलगा आणि नवरा दोघंही “मदत करू का?” म्हणून दारात उभे असतात आणि त्यांना उभं राहायला जागाच नसते. मग ते जातात परत. त्यांना आळशी म्हणण्याआधी एक चार फुटी फळी मधे टाकून बघायला हरकत नाही. तेवढी सबब तरी उरायची नाही.

वन्संनाही असंच टेबल हवंय. त्यांच्याकडे जागा आठ बाय आठ, म्हणजे मधोमध नाही, भिंतीशीच. त्यांच्यासाठी दीड फूट रुंदी पुरेल. दाराचं एक फळकूट अजून शिल्लक आहे, तेवढ्यात होईल. मात्र पॉलिश उन्हाळ्यात करायचं, पावसाळ्यात ते वाळत नाही आणि हाताला चिकटत राहतं. मे महिन्यात नातवाला सुट्टी लागली की करू.